शेळ्या-मेंढ्यांतील जंत: औषध कोणाला पाजावे, कोणाला पाजू नये

पावसाने उघडीप दिली आणि रानात गवत तरारून उभे राहिले की भाद्रपदाच्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. कळपातील सर्वांत दुधाळ शेळी सकाळी गोठ्यात मरून पडलेली आढळते. तिला हगवण नव्हती, ताप नव्हता. आदल्या सायंकाळी ती इतर शेळ्यांबरोबर चरून परतली होती. जबड्याखाली मऊ सूज मात्र काही दिवसांपासून दिसत होती. पापणी उलटून पाहावे तर आतील अस्तर कागदासारखे पांढरे. पशुपालक हताशपणे सांगतो, "साहेब, जंताचे औषध तर पंधरा दिवसांपूर्वीच सगळ्या कळपाला पाजले होते."

औषध पाजले होते हे खरे असते आणि शेळी जंतांमुळे मेली हेही खरे असते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा ठरतात, हे समजून घेणे आज अत्यावश्यक झाले आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात १४.८८ कोटी शेळ्या आणि सुमारे ७.४ कोटी मेंढ्या आहेत. त्यांतील बहुतांश अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांकडे आहेत. अशा घरातील एक शेळी मेली की मुलांच्या शाळेचा किंवा आजारपणाचा खर्च भागविण्याचे साधनच हातचे जाते.

रक्त पिणारा जंत

शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात अनेक प्रकारचे जंत असतात. परंतु उष्ण व दमट ऋतूत सर्वाधिक मृत्यू घडवून आणणारा जंत म्हणजे हिमोंकस कंटॉर्टस. तो चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो. मादी दोन ते तीन सेंटिमीटर लांब असून रक्ताने भरलेले तिचे लाल आतडे आणि पांढरे अंडाशय एकमेकांभोवती पीळ घातल्यासारखे दिसतात. मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन होत असेल तर पशुपालकाने तेथे उभे राहून चौथे पोट उघडलेले अवश्य पाहावे. लाल-पांढऱ्या पिळाचे ते वळवळते जंत एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्ताचे नुकसान करतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण पोटात एक हजार जंत असतील तर दररोज ५० मिलिलिटर रक्त जाते, आणि २५ किलो वजनाच्या शेळीच्या अंगात एकूण रक्तच पावणेदोन लिटरच्या आसपास असते. रक्ताबरोबर प्रथिनेही जातात. रक्तातील प्रथिने घटली की पाणी ऊतींमध्ये झिरपते आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साचते. ती सूज ही अशी येते. या रोगात लेंड्या बहुधा घट्टच राहतात. 'हगवण नाही, म्हणजे जंत नाहीत' हा समज म्हणूनच अनेक जनावरांच्या जिवावर बेततो.

मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. उबदार व ओलसर हवेत लेंडीतील अंड्यांतून चार ते सात दिवसांत संसर्गक्षम अळी तयार होते, दवाच्या थेंबांतून गवताच्या पात्यावर चढते आणि चाऱ्याबरोबर पोटात जाते. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत नव्या पिढीची अंडी लेंडीत दिसू लागतात. म्हणजे एका पावसाळ्यात या जंताच्या अनेक पिढ्या उलटतात. औषधाला दाद न देणारा वंश वेगाने फैलावतो तो याच गतीमुळे.

औषध का हरते?

कोणत्याही कळपातील लाखो जंतांत काही मोजके जंत जन्मतःच असे असतात की विशिष्ट औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. औषध पाजल्यावर बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढच्या पिढीला जन्म देतात. हीच गोष्ट दर दोन महिन्यांनी, तेच औषध, सगळ्या कळपाला, अशी चालत राहिली की काही वर्षांत कुरणावर त्यांचेच राज्य होते.

या औषधांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. थायाबेंडॅझोल १९६१ मध्ये बाजारात आले. १९६४ मध्येच त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद झाली. आयव्हरमेक्टिन १९८१ मध्ये आले. त्याच दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतून रोधाच्या नोंदी आल्या. मोनेपँटेल हे नव्या गटातील औषध न्यूझीलंडमध्ये २००९ साली उपलब्ध झाले आणि चार वर्षांत तेथेच ते निष्प्रभ ठरल्याचे प्रसिद्ध झाले. भारतात मेंढ्यांतील हिमोंकसने थायाबेंडॅझोलला दाद न दिल्याची नोंद १९७६ इतकी जुनी आहे. त्यानंतर फेनबेंडॅझोल, अल्बेंडॅझोल आदी औषधांबाबत उत्तर व दक्षिण भारतातील कळपांतून, विशेषतः वारंवार औषध पाजल्या जाणाऱ्या मोठ्या फार्मांवरून, अशाच नोंदी होत गेल्या. नव्या औषधाची वाट पाहणे हा यावर उपाय नव्हे. जी औषधे हाती आहेत, ती टिकविणे एवढेच आपल्या हातात आहे.

कापूस उत्पादकांना हा युक्तिवाद नवा नाही. बीटी कापसाच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी सरकीचे छोटे पाकीट दिले जाई आणि ती कडेने लावण्याची शिफारस असे. त्या ओळींवर साध्या, विष सहन न होणाऱ्या बोंडअळ्या जगाव्यात आणि त्यांचा संकर होऊन रोधक अळ्यांचा वंश पातळ होत राहावा, हा त्यामागील हेतू होता. बहुतेकांनी ते पाकीट बांधावर फेकून दिले. गुलाबी बोंडअळीने पुढे काय केले ते सर्वश्रुत आहे. जंतांच्या बाबतीतही असेच 'राखीव' असावे लागतात. औषधाचा स्पर्श न झालेले जंत, म्हणजे औषध न पाजलेल्या जनावरांच्या पोटातील आणि कुरणावरील अळ्या, हे ते राखीव. शास्त्रज्ञ यास रेफ्युजिया म्हणतात. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजणे म्हणजे राखीव ओळी उपटून टाकणे होय.

येथे एका जुन्या शिफारशीचा पुनर्विचार करावा लागतो. पावसाळ्यापूर्वी संपूर्ण कळपाला औषध पाजावे, असे आपणच वर्षानुवर्षे सांगत आलो. अर्धशुष्क प्रदेशात मे महिन्याच्या उन्हाने कुरणावरील अळ्या जवळजवळ संपलेल्या असतात. जे जंत असतात ते जनावरांच्या पोटातच, जठराच्या अस्तरात सुप्तावस्थेत दडून. अशा वेळी सर्वांना औषध पाजले तर उरतात केवळ रोधक जंत, आणि पहिल्या पावसानंतर रिकाम्या कुरणावर पेरणी होते ती त्यांचीच. पावसाळ्यापूर्वीची मात्रा सरसकट बंद करावी असा याचा अर्थ नाही. परंतु कळपातील धडधाकट, अंगाने भरलेली काही जनावरे त्या वेळी हेतुपुरस्सर औषधाविना ठेवावीत. औषध पाजून लगेच नव्या, स्वच्छ कुरणात सोडण्याची पद्धतही याच कारणाने आता शिफारसयोग्य राहिलेली नाही.

डोळा पाहून निवड

सगळ्यांना औषध द्यायचे नाही, तर कोणाला द्यायचे? सुदैवाने जंत कळपात समप्रमाणात वाटलेले नसतात. साधारणपणे २० ते ३० टक्के जनावरांच्या पोटात ८० टक्क्यांच्या आसपास जंत एकवटलेले असतात. ती जनावरे ओळखण्याची सोपी पद्धत दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात विकसित झाली. तिचे फमाचा हे नाव पशुवैद्य फाफा मलान यांच्या नावाची आद्याक्षरे आणि 'चार्ट' हा शब्द यांवरून पडले. रक्तशोषक जंतांमुळे रक्तक्षय होतो आणि तो खालच्या पापणीच्या आतील अस्तराच्या रंगावरून कळतो, एवढेच तिचे तत्त्व. तक्त्यावर पाच रंग असतात: पहिला गडद लाल, दुसरा लालसर गुलाबी, तिसरा गुलाबी, चौथा फिकट गुलाबी आणि पाचवा पांढरा.

तपासणी उघड्यावर, सूर्यप्रकाशात करावी. गोठ्याच्या अंधारात किंवा मोबाइलच्या दिव्यात नव्हे. एका अंगठ्याने वरची पापणी बुबुळावर हलकेच दाबावी, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढावी. अस्तर आपोआप बाहेर येते. ते तक्त्याशी ताडून रंग लगेच ठरवावा, कारण अस्तर फार वेळ उघडे राहिले की लाल होऊ लागते. दोन्ही डोळे पाहावेत आणि जो अधिक फिकट तोच ग्राह्य धरावा. दोन रंगांमध्ये शंका असल्यास फिकट रंग मानावा. मूळ छापील तक्ताच वापरावा. मोबाइलवरून पुढे पाठविलेले चित्र किंवा झेरॉक्स केलेला तक्ता फसवितो, कारण रंग बदलतात. मूळ तक्ताही उन्हात विटतो, म्हणून तो दरवर्षी बदलावा.

पहिल्या दोन श्रेणींतील जनावरांना औषध देऊ नये. चौथ्या व पाचव्या श्रेणीतील जनावरांना त्याच दिवशी द्यावे. तिसरी श्रेणी हा विवेकाचा प्रांत आहे. करडे, कोकरे, गाभण व दुभत्या माद्या आणि अशक्त जनावरे यांना तिसऱ्या श्रेणीतही औषध द्यावे. कळपात चौथी-पाचवी श्रेणी दहा टक्क्यांहून अधिक दिसू लागली तर तिसऱ्या श्रेणीतील सर्वांनाच द्यावे. भर पावसाळ्यात ही तपासणी दर पंधरवड्याला, जोर असेल तेव्हा दर आठवड्याला, आणि कोरड्या महिन्यांत महिन्यातून एकदा पुरते. हात बसला की पन्नास शेळ्या अर्ध्या-पाऊण तासात पाहून होतात.

केवळ डोळ्यावर विसंबू नये. फिकेपणा गोचिडांमुळे, उवांमुळे, यकृतातील पर्णकृमींमुळे किंवा रक्तातील एकपेशीय परजीवींमुळेही येतो. उलट डोळे आलेले असतील तर रक्तक्षय असूनही अस्तर लाल दिसते. म्हणून पुढे दक्षिण आफ्रिकेतच 'पाच ठिकाणी पाहा' असा नियम रूढ झाला. नाकातून स्राव येत असेल तर नाकातील माशीच्या अळीची शंका घ्यावी. डोळ्यावरून रक्तक्षय, जबड्याखालील सुजेवरून प्रथिनांचा ऱ्हास, पाठीच्या कण्यावर हात फिरवून अंगावरील मांस आणि शेपटीखालील घाणीवरून हगवण जोखावी. एका जनावराला मिनिटही लागत नाही.

मात्रेची चूक

शिबिरांत एक दृश्य नेहमी दिसते. एकच सिरिंज, एकच खूण. दहा किलोच्या करडापासून चाळीस किलोच्या बोकडापर्यंत सर्वांना तेवढेच औषध. मोठ्या जनावराला ते कमी पडते, आणि अपुरी मात्रा ही रोधक जंत तयार करण्याची सर्वांत सोपी रीत होय.

ताणकाटा नसेल तर टेपने वजनाचा अंदाज घ्यावा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत मोजावा, त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे; उत्तर किलोत येते. घेर २८ इंच व लांबी २६ इंच असेल तर वजन सुमारे ३१ किलो.

दुसरी चूक शेळीला मेंढी समजण्याची. शेळीचे यकृत ही औषधे मेंढीपेक्षा वेगाने शरीराबाहेर टाकते. म्हणून फेनबेंडॅझोलसारख्या औषधांची मेंढीसाठीची मात्रा शेळीला अपुरी पडते. सामान्यतः तिच्या दुप्पट द्यावी लागते. मेंढीला प्रति किलो ५ मिलिग्रॅम, तर शेळीला १० मिलिग्रॅम. लेव्हामिसोलची मात्रा मात्र दीडपटीपेक्षा कदापि वाढवू नये; त्यात सुरक्षिततेची मर्यादा अरुंद असून लाळ गळणे, थरथरणे अशी विषबाधेची लक्षणे दिसतात. क्लोसँटेलची अतिरिक्त मात्रा अंधत्व आणू शकते. अल्बेंडॅझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये. वेष्टनावरील मात्रेहून वेगळी मात्रा पशुवैद्यकाच्या लेखी सल्ल्यानेच वापरावी, आणि औषधानंतर दूध व मांस किती दिवस वापरू नये हेही त्यांच्याकडूनच जाणून घ्यावे.

बाटलीवरील टक्केवारी वाचण्याची सवय लावून घ्यावी. फेनबेंडॅझोलचे द्रावण अडीच टक्क्यांचे मिळते तसे दहा टक्क्यांचेही मिळते. पहिल्यात दर मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्यात १००. तीस किलोच्या शेळीला ३०० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्याचे १२ मिलिलिटर लागतील आणि दुसऱ्याचे केवळ ३. औषध जिभेच्या मागच्या बाजूस, हळूहळू सोडावे. तोंडाच्या पुढच्या भागात ओतले तर ते पहिल्या पोटात न जाता थेट चौथ्या पोटात उतरण्याचा संभव असतो आणि परिणामाचा काळ घटतो. डोके फार उंच करू नये. औषध श्वासनलिकेत जाते.

औषध लागू पडले का?

हे केवळ लेंडी तपासूनच कळते. दहा ते पंधरा जनावरांच्या लेंड्या औषध पाजण्याच्या दिवशी आणि पुन्हा दहा ते चौदा दिवसांनी तपासाव्यात. नमुना जमिनीवरून न उचलता हातमोजा घालून गुदद्वारातून घ्यावा, पिशवीतील हवा काढून तोंड बांधावे आणि थंड डब्यातून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा. उन्हात राहिला तर अंडी वाटेतच उबतात. प्रयोगशाळेत ३ ग्रॅम लेंडी ४२ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून मॅकमास्टर काचपट्टीवर अंडी मोजतात. दोन्ही कप्प्यांतील एकूण अंड्यांना ५० ने गुणले की एका ग्रॅममधील संख्या मिळते. औषधापूर्वी सरासरी १,६०० आणि नंतर ४०० आली तर घट ७५ टक्के झाली. घट ९५ टक्क्यांहून कमी असेल तर, मात्रा व पाजण्याची रीत योग्य असल्यास, त्या कळपात त्या औषधाला रोध निर्माण झाल्याचे समजावे आणि दुसऱ्या गटातील औषध निवडावे. फेनबेंडॅझोल सोडून अल्बेंडॅझोल घेणे हा बदल नव्हे. दोन्ही एकाच गटातील आहेत. दुकानदार नाव बदलून देतो, गट तोच राहतो.

विस्तार कार्यकर्त्यांना येथे एक विनंती आहे. तालुक्यातील चार-पाच कळपांतून ही तपासणी एकदा जरी करवून घेतली, तरी त्या भागात कोणते औषध अजून चालते हे समजेल. ही माहिती कोणत्याही मोफत औषधवाटपापेक्षा मोलाची आहे.

ऋतू, चारा आणि वंश

दरमहा ५० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि सरासरी कमाल तापमान १८ अंशांहून अधिक असेल, तर हिमोंकसला कुरण अनुकूल असते, असा जुना ठोकताळा आहे. आपल्या मैदानी प्रदेशात तापमान बहुधा आड येत नाही; म्हणून पाऊस हेच पंचांग. राजस्थानात धोका जुलै ते सप्टेंबरात, तर तमिळनाडूत तो ईशान्य मोसमी पावसाबरोबर वर्षाच्या अखेरीस असतो. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत आणि मथुरेजवळील मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेत या विषयावर दीर्घकाळ काम झालेले आहे. आपल्या भागाचे वेळापत्रक आखताना त्यांच्या शिफारशी पाहाव्यात.

शेळी मुळात झाडपाला ओरबाडणारी. अळ्या बहुतांशी जमिनीपासून चार-पाच बोटांच्या उंचीत असतात. त्यामुळे मागच्या पायांवर उभी राहून बोर-बाभूळ खाणारी शेळी जंतांपासून बरीचशी सुरक्षित असते. तिला आखूड गवतावर मेंढीसारखे चरावयास लावले की त्रास सुरू होतो. कुरण खुडून जमिनीला लागेपर्यंत चारू नये आणि सकाळी दव ओसरल्यावरच कळप सोडावा. व्यायलेल्या माद्यांची प्रतिकारशक्ती काही आठवडे मंदावते व त्यांच्या लेंड्यांतील अंडी वाढतात. त्यांना या काळात पेंड दिली तर तो खर्च वाया जात नाही.

वंशाचा भागही मोठा आहे. सुंदरबनातील चिमुकली गरोळे मेंढी पाणथळ जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या तगली आहे. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी व बन्नूर मेंढ्यांचा तिच्याशी संकर करून अभ्यास केला, तेव्हा संकरित कोकरांत जंतांना प्रतिकार अधिक दिसून आला. गरोळे तिच्या जुळ्या-तिळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. हा दुसरा गुण तितकाच लक्षणीय मानावा लागेल.

इतर परजीवींविषयी थोडक्यात. लेंडीत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की पशुपालक घाबरतो. ते पट्टकृमीचे असतात आणि सहसा फारसे घातक नसतात. घातक जंत डोळ्यांना दिसत नाही. तीन आठवडे ते चार महिने वयाच्या करडांची हगवण बहुधा कॉक्सिडियामुळे असते व तिच्यावर जंतनाशक चालत नाही. तळ्याकाठी, गोगलगायी असलेल्या पाणथळीत चरणाऱ्या कळपात पर्णकृमींसाठी वेगळे औषध लागते.

बाजारातून आणलेली शेळी रोधक जंतही घेऊन येते. तिला वेगळी बांधावी, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दोन भिन्न गटांतील औषधे द्यावीत आणि दोन आठवड्यांनी लेंडी तपासूनच कळपात सोडावी.

प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आणि घरात एक वही असावी. तीत तारीख, बिल्ल्याचा क्रमांक, डोळ्याची श्रेणी, औषध व मात्रा लिहावी. दोन पावसाळे वही चालली की तेच ते चार-पाच क्रमांक पुन्हा पुन्हा समोर येऊ लागतात. त्यांच्या पोटीचे बोकड पैदाशीला ठेवू नयेत, आणि त्या शेळ्या पुढच्या पावसापूर्वी मांसासाठी विकून टाकाव्यात, मग त्यांतील एखादी कितीही दुधाळ असो.